खालचा सूर ऐकायला शिकवणारी २३ व्याख्याने

सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात मी गेली पंचवीस वर्षे बसत आले आहे. बडा ख्याल कुठे रेंगाळतो, गायक समेच्या तोंडाशी येऊन ती मुद्दाम कशी टाळतो, तान कुठे सुटणार आणि कुठे मिटणार, हे मला कोणी बसवून शिकवले नाही. ऐकता ऐकता ते अंगवळणी पडले. म्हणूनच पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकताना होणाऱ्या माझ्या अडचणीचे कारण मला बरीच वर्षे उमगले नाही. मोत्झार्ट किंवा बेथोव्हेन यांची एखादी रचना लावली की पहिली दोन मिनिटे मन लागायचे, मग सूर निसटत जायचे आणि अर्ध्या तासाने ती संपली की आपण नेमके काय ऐकले हे सांगता यायचे नाही. एका सशुल्क ॲपवर मी वर्षभर प्रयत्न केला. तिथे रचना ‘झोपेसाठी’, ‘अभ्यासासाठी’ अशा कप्प्यांत घातलेल्या होत्या आणि चार भागांच्या सिंफनीतला एकच भाग तोडून दिलेला असे. ख्यालातली फक्त द्रुत बंदीश वेगळी काढून ऐकवावी, तसा तो प्रकार होता आणि त्यातून हाती काही लागले नाही.

त्यानंतर मी ज्या अभ्यासक्रमाकडे वळले, तो म्हणजे येल विद्यापीठाच्या ‘ओपन येल कोर्सेस’ या उपक्रमातील ‘लिसनिंग टू म्युझिक’. प्राध्यापक क्रेग राइट यांनी २००८ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष वर्गात दिलेली ही २३ व्याख्याने आहेत. ती उपक्रमाच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्येक व्याख्यान सुमारे पाऊण तासाचे असून प्रत्येकाची लेखी संहिताही मिळते. नावनोंदणी करावी लागत नाही आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळत नाही. नोटेशन वाचता आले पाहिजे अशी अट नाही. मी आठवड्याला एक या गतीने ती पाहिली, त्यांतील सहा दोनदा पाहिली आणि चौदावे चार वेळा.

राइट यांचा आग्रह पहिल्याच व्याख्यानात स्पष्ट होतो. ऐकणे ही स्वस्थ बसून करण्याची गोष्ट नाही, ते एक काम आहे आणि ते शिकता येते, असे ते मानतात. आपल्याकडे ‘कानसेन’ हा शब्द आहे आणि त्याला मान आहे, त्यामुळे हे म्हणणे मला परके वाटले नाही; मात्र त्या कामाची अवजारे इथे एकेक करून हातात दिली जातात, हे मला नवे होते.

दुसऱ्या व्याख्यानात तीन वादक वर्गात येतात आणि फ्रेंच हॉर्न, बासून आणि व्हिओला या वाद्यांची ओळख करून देतात. ऑर्केस्ट्रा ऐकताना हीच वाद्ये नवख्या कानाला सगळ्यांत उशिरा ओळखू येतात, त्यामुळे ही निवड मला विचारपूर्वक केलेली वाटली. मला अधिक भावला तो त्याच व्याख्यानाचा उत्तरार्ध. कोणताही एक सूर वाजला की त्याच्या पोटात इतर अनेक सूक्ष्म सूर वाजत असतात आणि त्यांच्या कमीअधिक जोरामुळे वाद्यावाद्याचा नाद वेगळा होतो, हे राइट समजावून सांगतात. तंबोरा नीट लावला की खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो याच मालिकेतला पाचवा घटक आहे. राइट तंबोऱ्याचे उदाहरण देत नाहीत, पण ज्याने तंबोरा जुळवताना पाहिला आहे त्याला हा भाग एका क्षणात कळतो. पुढे मेजर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एका गटाची, रचना शिकताना षड्ज, गांधार आणि पंचम हे तीनच सूर एकत्र का आले, याचे उत्तरही तिथेच सापडते.

लयीवरची दोन व्याख्याने आपल्या श्रोत्याला सोपी जातील. तिथली मात्रांची मोजणी दोनाची, तिनाची किंवा चाराची असते, पहिली मात्रा सर्वांत वजनदार असते आणि त्या मात्रेला कंडक्टरचा हात खाली येतो. झपताल किंवा रूपक हाताने धरणाऱ्याला यात अवघड असे काही नाही, आणि धून वजनदार मात्रेच्या आधीच सुरू होण्याचा प्रकारही मुखड्याच्या सवयीमुळे ओळखीचा वाटतो. मात्र एक सावधगिरी मला इथे नोंदवावीशी वाटते. आपण ताल तबल्यावर ऐकतो, कारण ठेका सतत उघड वाजत असतो. सिंफनीत ठेका धरणारे वाद्य नसते. मात्रा सुरांच्याच हालचालीत दडलेल्या असतात आणि त्यांचा वेग वादक भावानुसार सैल किंवा घट्ट करतात. राइट वर्गाला हाताने मात्रा धरायला लावतात. तो व्यायाम आपल्याला येतोच असे समजून सोडून देऊ नये.

पाचव्या व्याख्यानात मेलडीचा विचार करताना ते भारतीय संगीताचेही उदाहरण घेतात. तो भाग त्रोटक आहे आणि रागसंकल्पनेची त्यातून फारशी कल्पना येत नाही, पण त्या अभ्यासक्रमाचे ते कामही नाही. मेजर म्हणजे आपला बिलावल आणि नैसर्गिक मायनर म्हणजे आसावरी थाटाचे सूर, एवढी खूणगाठ आपली आपण बांधून घेतली की पुरते. पियानोचे सूर समान अंतराने बसवलेले असल्यामुळे त्याचा शुद्ध गांधार आपल्या तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि सुरुवातीला तो कानाला टोचतो. काही आठवड्यांनी ती बोच जाते. निदान माझी गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. सातव्या व्याख्यानात राइट कॉर्ड म्हणजे काय आणि तो कसा बांधतात हे पियानोवर दाखवतात, आणि आठव्यात ब्लूज आणि रॉक यांच्या आधाराने खालच्या सुरांचे साचे ऐकायला लावतात. अमेरिकन लोकप्रिय संगीताशी आपला संबंध नाही असे वाटून मी आठवे व्याख्यान प्रथम वगळले होते. ती चूक होती, आणि ती इतरांनी करू नये म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बारा मापांच्या (माप म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट) ब्लूजमध्ये खालचा सूर चार मापे षड्जावर राहतो, दोन मापे मध्यमावर जातो, दोन मापे पुन्हा षड्जावर येतो, मग एक माप पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटची दोन षड्जावर घालवून आवर्तन पूर्ण करतो. वर गाणारा काहीही गात असो, हे आवर्तन चालू राहते. ते मोजायला लागले तेव्हा, म्हणजे वयाच्या पन्नाशीत, माझ्या लक्षात आले की मी आयुष्यभर फक्त वरचा सूर ऐकत आले आहे.

याला कारण आपले संगीतच आहे. आपल्याकडे खाली तंबोरा असतो आणि तंबोरा हलत नाही. षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो जागचा ढळत नाही, आणि त्या अढळ षड्जाच्या आधारावर एकच आवाज सगळी वाटचाल करतो. कानाला खाली लक्ष देण्याची गरजच पडत नाही, कारण खाली काय आहे हे त्याला ठाऊक असते. पाश्चात्त्य रचनेत खालचा सूर सतत चालत असतो, आणि वरचा एकच सूर खालचा आधार बदलला की वेगळ्या अर्थाचा होतो. वरचीच धून ऐकणाऱ्या श्रोत्याला अशा रचनेतले अर्धे नाट्य ऐकूच येत नाही. माझे सूर ‘निसटत’ होते ते यामुळे. राइट आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा बेस, म्हणजे खालचा सूर, ऐका असे सांगतात, आणि या एका सूचनेसाठी सगळा अभ्यासक्रम पाहावा इतकी ती आपल्या श्रोत्याच्या उपयोगाची आहे.

तिचे सर्वांत सुंदर फळ चौदाव्या व्याख्यानात मिळते. त्याचा विषय आहे एकच खालची ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहणाऱ्या रचना. अशा ओळीला तिकडे ऑस्टिनाटो म्हणतात, आणि तबल्याच्या एकलवादनात सारंगीवर किंवा पेटीवर फिरत राहणारा लेहरा ज्याने ऐकला आहे, त्याला तिची दुसरी ओळख करून द्यावी लागत नाही. इंग्लंडचा हेन्री पर्सेल, ज्याचा मृत्यू १६९५ साली झाला, त्याच्या ‘डायडो अँड इनीअस’ या ऑपेरात शेवटी राणी डायडो मरणापूर्वी एक विलापगीत गाते. त्याची खालची ओळ पाच मापांची आहे. ती षड्जावरून निघते आणि शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत अशी अर्ध्या अर्ध्या सुराने उतरत पंचमापर्यंत येते, आणि तिथून वळून पुन्हा षड्जावर टेकते. ही ओळ ११ वेळा फिरते. राणी मात्र तिच्याशी जुळवून गात नाही. तिचे वाक्य ओळ संपण्याआधी संपते किंवा ओळ नव्याने सुरू झाली तरी चालूच राहते, आणि ‘माझी आठवण ठेवा’ हे शब्द ती एकाच पंचमावर पुन्हा पुन्हा उच्चारत राहते. लेहऱ्यावर वाजवणारा तबलिया कितीही दूर गेला तरी समेवर येऊन भेटतो आणि आपण त्या भेटीला दाद देतो. इथे ती भेट सतत हुकते. खालचा सूर मरणाच्या दिशेने एकेक पायरी उतरत असतो, वरचा आवाज त्याच्या गतीला शरण जायला तयार नसतो, आणि हे सगळे दोन्ही ओळी एकाच वेळी ऐकता आल्या तरच कळते. मी हे गीत पूर्वी दोन वेळा ऐकले होते आणि ‘छान, पण संथ’ एवढेच मला त्यात वाटले होते. या वेळी मला ऐकता ऐकता रडू आले.

त्याच व्याख्यानात पाखेलबेलचा प्रसिद्ध कॅनन आहे. त्याची खालची ओळ सा, प, ध, ग, म, सा, म, प अशा आठ सुरांची आहे, ती २८ वेळा वाजते, आणि वरची तीन व्हायोलिने दोन दोन मापांच्या अंतराने तीच धून एकामागून एक उचलतात. पर्सेल कळल्यावर हा प्रयोग घरी मुलांबरोबर करावा. आठ सूर पेटीवर वाजवत राहायचे आणि वर ध्वनिमुद्रण लावायचे. फक्त पेटीची पट्टी काळी दोन नव्हे, तर पांढरी दोन धरावी, कारण मूळ रचना डी मेजरमध्ये आहे.

नऊ ते अकरा ही तीन व्याख्याने रचनाबंधाची आहेत आणि अभ्यासक्रमाचा कणा तीच आहेत. सोनाटा-अलेग्रो बंधात आधी एक विषय मूळ षड्जावर मांडतात, मग दुसरा विषय वेगळ्या षड्जावर येतो, मधल्या भागात दोन्हींची मोडतोड आणि भटकंती होते, आणि शेवटी दोन्ही विषय मूळ षड्जाच्या घरी परततात. मूर्च्छनेने षड्ज हलवून नव्या रागाची छाया दाखवण्याची हौस आपल्या काही वादकांना असते. इथे षड्ज हलवणे ही हौस नसून सगळ्या कथेचा आधार आहे. १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजलेल्या बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग घ्या. प प प, कोमल ग. म म म, रे: एवढ्या ऐवजावर तो सुरू होतो. काही वेळाने हॉर्न एक ललकारी देतात आणि दुसरा विषय येतो तो कोमल गांधारालाच षड्ज मानून येतो, त्यामुळे अंधारातून उजेडात आल्यासारखे वाटते. परतीच्या भागात हीच ललकारी हॉर्नऐवजी बासून देतात आणि ती मूळ षड्जावर असते. त्याच परतीच्या भागात, सगळा वाद्यवृंद थांबलेला असताना, ओबो एकटाच एक छोटीशी आलापी करतो. ५०२ मापांच्या त्या घाईत एवढीच एक जागा निवांत आहे. पूर्वी हा भाग मी शेकडो वेळा जाहिरातींतून आणि चित्रपटांतून कानावर घेतला असेल, पण ओबोची ती जागा मला या व्याख्यानांनंतरच सापडली.

येथे एक गोष्ट मात्र राइट यांच्याकडून पुरेशी होत नाही असे माझे मत आहे. अशा बंधाचा आनंद स्मरणावर अवलंबून असतो. पहिला विषय दहा मिनिटांनी परत येईल तेव्हा तो ओळखता आला पाहिजे. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा दर आवर्तनाला परत येतो, त्यामुळे आपल्या श्रोत्याच्या स्मरणावर असा ताण पडत नाही. वर्गात छोटे छोटे तुकडे ऐकवून मुद्दा स्पष्ट होतो, पण स्मरण तयार होत नाही. त्यासाठी प्रत्येक व्याख्यानानंतर ती रचना स्वतंत्रपणे, पूर्ण आणि एकाच आठवड्यात किमान चार वेळा ऐकावी लागते. मी पहिल्या विषयाची धून स्वरलिपीत वहीत उतरवून घेत असे, आणि ही सवय मी सर्वांना सुचवीन.

उर्वरित व्याख्याने कालखंडांची आणि प्रकारांची आहेत: बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती मठांतले एकाच सुरावटीचे पठण, बाखचे कंठसंगीत, मोत्झार्टचे ऑपेरे, व्हेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’, बर्लिओझ आणि मालर यांच्या अवाढव्य सिंफनी, दब्युसी आणि राव्हेल. ती वेगाने जातात. मठातल्या पठणाचे व्याख्यान मला विशेष जवळचे वाटले, कारण एकच ओळ, ठेका नाही आणि शब्दाच्या वजनाने चालणारी लय, हे सगळे आपल्या कानाला परिचित आहे. ज्याला हार्मनीची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांच्या मेळाची, धास्ती वाटते त्याने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. चेंबर म्युझिकला मात्र स्वतंत्र व्याख्यान नाही आणि ही उणीव मोठी आहे. चार वाद्यांच्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते आणि खालचा चेलो शोधावा लागत नाही. आपल्या मैफलीची जवळीकही त्यात अधिक आहे. मी हा अभ्यासक्रम नव्याने आखला असता तर फ्यूगच्या (एकच विषय वेगवेगळ्या ओळींत एकामागून एक येणाऱ्या रचनेच्या) व्याख्यानानंतर लगेच हायडनचे एखादे क्वार्टेट ठेवले असते.

इतर काही अडचणीही सांगायला हव्यात. वर्गातली उदाहरणे बरीचशी अमेरिकन तरुणांच्या ओळखीच्या गाण्यांवरून घेतली आहेत आणि ती आपल्याला परकी वाटतात. स्वाध्याय ज्या पाठ्यपुस्तकावर आणि ध्वनिमुद्रिकांवर आधारलेले आहेत ते विकत घ्यावे लागतात. त्यांच्याविना माझे काही अडले नाही. वर्गातल्या चित्रीकरणामुळे मोठ्या वाद्यवृंदाचे तुकडे सपाट ऐकू येतात, राइट स्वतः पियानोवर वाजवतात ते मात्र स्वच्छ येते. इंग्रजी बोलणे जलद आहे, म्हणून ज्यांना ते अवघड वाटेल त्यांनी आधी संहिता वाचून मग व्याख्यान पाहावे. त्याच प्राध्यापकांचा ‘इंट्रोडक्शन टू क्लासिकल म्युझिक’ हा अभ्यासक्रम कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे आणि तो लहान लहान चित्रफितींत विभागलेला आहे. सलग पाऊण तास काढणे ज्यांना शक्य नाही त्यांनी तो पाहावा. माझी पसंती मात्र वर्गातल्या व्याख्यानांनाच आहे, कारण समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना एखादी गोष्ट कळली नाही की राइट ती पुन्हा वाजवतात, आणि बहुधा ती आपल्यालाही कळलेली नसते.

हे संगीत मराठी कानाला वाटते तितके अनोळखी नाही, हेही या निमित्ताने मला जाणवले. गोव्याच्या चर्चशाळांत पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला अनेक दशके हार्मनी पुरवली. सलिल चौधरी यांनी १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी मोत्झार्टच्या ४० व्या सिंफनीची सुरुवातीची धून उचलली. ही गाणी आपण पाठ केली, फक्त त्यांतली व्हायोलिने आणि चेलो खाली काय करत आहेत हे ऐकले नाही. सेबॅस्टियन डिसोझा यांनी संयोजन केलेली शंकर-जयकिशन यांची जुनी गाणी मी आता नव्याने ऐकते आहे आणि दर वेळी खालची एक नवी ओळ सापडते.

प्रत्यक्ष ऐकण्याची सोयही आपल्या राज्यात आहे. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली, आणि फेब्रुवारी व सप्टेंबरच्या सुमारास तिचे हंगाम असतात. तिथे जाण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे की सिंफनीचे सगळे भाग संपेपर्यंत टाळ्या वाजवत नाहीत. ही रीत मागाहून आलेली आहे. मोत्झार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सिंफनीचा पहिला भाग चालू असतानाच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या असे आनंदाने कळवले आहे. कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर होते. तिच्यात सिंफनी असेल तर नववे, दहावे, अकरावे आणि विसावे ही चार व्याख्याने पाहून जावे, आणि सभागृहात जागा निवडता आली तर जिथून डबल बेस वाजवणाऱ्यांचे हात दिसतात अशी निवडावी.